निव्वळ पीआयसीयू, की संशोधनाची जोड?

एमडी बालरोग संपवत आलेल्या भाचीने विचारलं, "मावशी, खासगी रुग्णालयात पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग) सांभाळू, की शिक्षणसंस्थेत राहून संशोधनही करू?" डीएम या एमडीनंतरच्या पदवीची ३ वर्षं दोन्हीकडे धरलेलीच, तो हिशेब सोडून देऊ.

पैसा खासगीत जास्त, यात वाद नाही. रात्रीचे फोन मात्र कुठेच चुकत नाहीत.

खरा फरक वेळेचा. खाटेपाशी निर्णयाचं फळ काही तासांत दिसतं: लघवी सुटते, बीपी सावरतं, पोर डोळे उघडतं. संशोधनात एथिक्स कमिटी, पालकांची संमती, निधीचे अर्ज यांतच वर्षं जातात. पण २०११ चा 'फीस्ट' अभ्यास बघ. केनिया, युगांडा, टांझानियातली ३ हजारांवर तापाने गंभीर झालेली मुलं. रक्ताभिसरण मंदावलं की सलाईन भराभर द्यायचं, हे आम्ही डोळे मिटून करत होतो. तिथे बोलस, म्हणजे असं भराभर सलाईन, दिलेल्या मुलांतच मृत्यू जास्त निघाले. एका वॉर्डात कितीही जागलं तरी हे कळलं नसतं.

डोक्यावर कर्ज असेल, हातच्या कामाची ओढ असेल तर खासगी. "असंच का करतो?" हा प्रश्न राउंडनंतरही पिच्छा सोडत नसेल तर संस्था. आकडेमोडीचा कंटाळा असलेल्यांनी तिकडे फिरकू नये.