बारा आठवडे गोल-सेटिंगचं कोचिंग घेतलं, माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. मी बारा आठवड्यांचं वन-टू-वन कोचिंग घेतलं, ऑनलाइन, आठवड्यातून एक तास, आणि विषय एवढाच की आपल्याला नेमकं काय करायचंय ते ठरवायचं आणि मग त्याला धरून राहायचं. कोचचं नाव देत नाहीये कारण काही तक्रारी पण लिहिणार आहे आणि त्या बाईंनी मला खरंच मदत केलीये.

जॉईन झाले तेव्हा माझ्या वहीत अकरा गोल्स होते. मॅनेजर व्हायचं, अर्धवट सोडलेला डेटाचा कोर्स संपवायचा, रोज पळायचं, घरच्यांना वेळ द्यायचा, लिखाण सुधारायचं, अजून काय काय. पहिल्या सेशनला मी सगळी यादी वाचून दाखवली, वाटलं त्या म्हणतील चला पहिल्यापासून सुरू करू. तर त्यांनी ती बाजूलाच ठेवायला लावली आणि म्हणाल्या पुढचा आठवडा काहीच बदलू नका, फक्त दर अर्ध्या तासाने काय केलं ते लिहा. मला रागच आला, एवढे पैसे भरून हेच करायचं का असं झालं. पण लिहिलं. आणि त्या नोंदींनी जे दाखवलं ते मला कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, अकरा गोल्सना मिळून आठवड्यात सव्वा तास गेला होता, आणि जे यादीत कुठेच नव्हतं, म्हणजे टीममधल्या दोन नवीन मुलांना काम समजावणं, त्यात जवळजवळ पाच तास, ते पण कुणी सांगितलं नसताना.

मग दुसऱ्या सेशनला त्यांनी जो प्रश्न विचारला तो अजून डोक्यात आहे. म्हणाल्या, समजा तुम्ही मॅनेजर झालात, आता मंगळवारी सकाळचे अकरा वाजलेत, तुम्ही काय करताय? मी बोलायला लागले, मीटिंग, मग बजेट, मग कुणाच्या रजा मंजूर करणं, आणि मधेच थांबले कारण यातलं मला काहीच करायचं नव्हतं. माझ्यासोबत लागलेले लोक मॅनेजर झाले होते म्हणून मला व्हायचं होतं, बस. हे कबूल करायला मला अख्खा तास लागला आणि त्या बाई एकदाही मधे बोलल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं कारण आपल्याकडे कुणी गप्प बसून ऐकतच नाही हो.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत अकराचे दोन झाले. एक, सहा महिन्यांत टीममधल्या नवीन लोकांसाठीचं ट्रेनिंग मी तयार करणार आणि पहिली बॅच स्वतः शिकवणार. दुसरं, संध्याकाळी सात नंतर लॅपटॉप बंद. बाकीचे नऊ त्यांनी खोडायला नाही लावले, 'आत्ता नाही' असं लिहून मागच्या पानावर टाकायला सांगितले. मला पळणं सोडताना वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पद्धतीबद्दल थोडं. स्मार्ट गोल्स, म्हणजे ध्येय नेमकं, मोजता येईल असं आणि मुदत घालून लिहायचं, ते सगळ्यांना माहितीच आहेत, १९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी मांडलेलं, त्यावर फार वेळ घालवला नाही ते बरं झालं. मला सगळ्यात कामाला आलं ते जर-तर वालं, ते पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे, म्हणजे 'मी रोज ट्रेनिंगवर काम करेन' असं न लिहिता 'लॅपटॉप उघडला की मेल बघायच्या आधी ट्रेनिंगची फाइल उघडायची' असं लिहायचं, कधी आणि कुठे ते आधीच ठरलेलं असलं की त्या क्षणाला मनाशी वाद घालावा लागत नाही. दुसरं म्हणजे सोफी लरॉय यांचा २००९ चा अभ्यास, एका कामातून दुसऱ्यात गेलो तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणून काम मधेच सोडावं लागलं तर कुठे थांबले आणि पुढचं पाऊल काय, एवढी एक ओळ लिहून मगच उठायचं. साधं आहे पण माझे दिवस यानेच बदलले.

सहाव्या आठवड्यात ऑफिसमध्ये टीम बदलल्या आणि माझं सगळं कोसळलं, दोन आठवडे फाइल उघडलीच नाही. सेशन कॅन्सल करणार होते लाजेने. त्यांनी एवढंच विचारलं, गोल चुकीचा झालाय की वेळ चुकीची झालीये? वेळच चुकीची होती, सकाळी आता मीटिंग्ज लागत होत्या. फाइलची वेळ दुपारी तीनला नेली आणि गाडी परत सुरू झाली.

आता तक्रारी. त्यांचं ॲप अगदीच कच्चं आहे, लिहिलेलं दोनदा उडालं, शेवटी मी वहीच वापरली. नववं आणि दहावं सेशन फॉर्म भरण्यातच गेलं, ते मी घरीच भरले असते. आणि एका स्लाइडवर तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा अभ्यास होता, १९५३ च्या बॅचमधल्या ज्या ३ टक्के मुलांनी गोल्स लिहिले ते बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले म्हणून. असा अभ्यास झालेलाच नाही, येलनेच तसं सांगितलेलं आहे. मी त्यांना हे कळवलं, त्यांनी मान्य केलं आणि स्लाइड काढली, त्याचे मार्क देते, पण जी गोष्ट लोक विश्वासाने ऐकतात ती आधी तपासायला हवी होती.

घेणार असाल तर एक नक्की करा, कोच हा शब्द कुणीही नावापुढे लावू शकतं म्हणून ट्रेनिंग कुठे घेतलं ते सरळ विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था कोचना प्रमाणपत्र देते, त्याच्या एसीसी, पीसीसी, एमसीसी अशा तीन पातळ्या आहेत, पहिल्या पातळीलाच किमान ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. आणि झोप लागत नाही, सतत रडू येतं असं असेल तर कोच नको, आधी डॉक्टर किंवा समुपदेशक. मला स्वतःला मधे तसं झालं तेव्हा माझ्या कोचनेच हे स्पष्ट सांगितलं.

परत पूर्ण बारा आठवडे घेणार नाही, गरज वाटत नाही, तीन महिन्यांतून एक सेशन पुरेल. पाचपैकी चार देते. पहिली बॅच झाली, सात जण होते, दुसरीचं मॅन्युअल निम्मं लिहून झालंय.