टँडी मॉडेल १०० आजच्या संगणकाला जोडायचाय? तीन वाटा आणि माझा कौल

तुमच्या हाती टँडी या अमेरिकी कंपनीचा टीआरएस-८० मॉडेल १०० हा जुना पोर्टेबल संगणक आला असेल, तो सुरू होत असेल आणि मेनूत कुणाच्या तरी जुन्या फाइल्स दिसत असतील, तर आधी त्या बाहेर काढा. साफसफाई, नवे सेल, फोटो हे सगळं नंतर. १९८३ सालच्या या मशीनला डिस्क नाही. लिहिलेलं सगळं रॅममध्ये राहतं. चार पेन्सिल सेल संपले किंवा काढले, की ती रॅम आतल्या एका छोट्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जिवावर टिकते. इतक्या वर्षांनी त्या बॅटरीवर भरवसा ठेवणं म्हणजे लेखन गमावणं. अमेरिकेत हे मशीन वार्ताहरांचं लाडकं होतं, त्यामुळे आत काय सापडेल सांगता येत नाही.

फाइल्स बाहेर काढण्याच्या तिन्ही वाटा मशीनच्या मागच्या २५ पिनांच्या आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टमधूनच जातात. फरक पडतो तो पलीकडे काय जोडायचं यात.

पहिली वाट साधी: यूएसबी-सीरियल केबल, सोबत नल मॉडेम जोडणी (एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जोडणारी), आणि मशीनमध्ये मुळातच असलेले टेक्स्ट (लिहिण्यासाठी) व टेलकॉम (सीरियल पोर्टवरून बोलण्यासाठी) हे प्रोग्रॅम. वेगळं काही भरावं लागत नाही. लॅपटॉपवर टर्मिनल प्रोग्रॅम उघडून वेग ९६०० (बिट दर सेकंदाला), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ (समोरच्याला 'थांब' आणि 'चालू दे' सांगण्याची सोय) चालू असं ठरवा आणि येणारा मजकूर फाइलमध्ये साठवायला लावा. मग मॉडेल १०० वर फाइल टेक्स्टमध्ये उघडून एफ३ दाबा. 'कुठे साठवू' असं विचारलं, की फाइलच्या नावाऐवजी 'कॉम:८८एन१ई' द्या, अर्थात रोमन अक्षरांत. यातला पहिला ८ म्हणजे ९६०० वेग, दुसरा ८ म्हणजे बिट, 'एन' म्हणजे पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, आणि 'ई' म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ चालू. ३२ के (किलोबाइट) रॅमच्या मशीनमध्ये वापरायला सुमारे २९ हजार बाइट मिळतात. ती पूर्ण भरलेली असली तरी या वेगाने अर्ध्या मिनिटात रिकामी होते.

उलट दिशेला मात्र सांभाळावं लागतं. लॅपटॉपकडून मजकूर येत असताना टेलकॉमला तो छोट्या एलसीडीवर सरकवतही न्यावा लागतो. त्यात ते मागे पडतं, 'थांब' असा संदेश पाठवतं, आणि तो संदेश वेळेवर पाळला नाही तर मधली अक्षरं गळतात. यूएसबी-सीरियल केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असेल तर ती हे थांबणं स्वतःच सांभाळते, म्हणून माझी पसंती तिला. स्वस्त केबल असेल तर वेग १२०० वर आणा. वेळ लागेल, पण मजकूर शाबूत येईल. चूक तपासणारी कोणतीही सोय या वाटेवर नाही, तेव्हा आलेली फाइल एकदा डोळ्यांखालून घालाच. आणि मशीनला देवनागरी कळत नाही. मराठी मजकूर पाठवलात तर पडद्यावर चित्रविचित्र खुणा उमटतील.

केबल घेताना दोन गोष्टी पाहा. लॅमिंग्टन रोडवर यूएसबी-टीटीएलचे छोटे बोर्ड सहज मिळतात. ते अर्डुइनोसाठी उत्तम, पण इथे चालत नाहीत. आरएस-२३२ चा विद्युतदाब त्यांना सोसत नाही. दुसरी गोष्ट पिनांची. २५ पिनांच्या बाजूला २ नंबरवर पाठवण्याची तार असते, ९ पिनांच्या बाजूला २ नंबरवर घेण्याची. त्यामुळे इथली 'उलटी' (नल मॉडेम) केबल २ ला २, ३ ला ३ आणि ७ ला ५ अशी सरळ दिसते. स्वतः झाळणार असाल तर हे कागदावर काढून मगच कथील लावा. शिवाय हँडशेकच्या (दोन्ही बाजू तयार आहेत का हे कळवणाऱ्या) तारा आत्ताच जोडून घ्या, २५ पिनांकडून ९ पिनांकडे: ४ ला ८, ५ ला ७, ६ ला ४, २० ला ६. पहिल्या वाटेला त्या फारशा लागत नाहीत, दुसरीला लागतात.

दुसरी वाट म्हणजे आजच्या संगणकाला टँडीच्या जुन्या पोर्टेबल डिस्क ड्राइव्हचं सोंग घ्यायला लावणं. तो ड्राइव्हही याच सीरियल पोर्टवर, १९,२०० वेगाने बोलायचा. लॅपटॉपवर लॅडीअल्फा किंवा अँड्रॉइड फोनवर एमकॉम हा सोंग घेणारा प्रोग्रॅम चालवला, की मॉडेल १०० ला वाटतं खरा ड्राइव्ह जोडलाय. फाइल्सची यादी दिसते, नावानिशी साठवता-उघडता येतात, आणि तुकड्यातुकड्याने तपासून जात असल्याने अक्षरं गळत नाहीत. सर्वांत मोठा फायदा '.सीओ' फाइल्सचा. मशीन कोडमधले हे प्रोग्रॅम टेक्स्टच्या वाटेने जातच नाहीत, इथे जातात. रोज वापरायचं असेल तर मी डोळे मिटून हीच वाट सांगेन.

अडचण सुरुवातीची आहे. मॉडेल १०० ला ड्राइव्हची भाषा यावी म्हणून त्यात टीएस-डॉस किंवा टीनी हा प्रोग्रॅम भरावा लागतो, आणि तो जातो मशीनमधल्या बेसिक या भाषेतून, त्याच सीरियल केबलवरून. म्हणजे पहिली जोडणी जमल्याशिवाय दुसरी नाही. ३२ के मशीन नसेल तर टीनीच घ्या. ते एक किलोबाइटहून लहान आहे, टीएस-डॉस बरीच जागा खातं. आणि मेमरीत जुन्या फाइल्स असताना यातलं काहीच भरू नका.

तिसरी वाट वायफाय मॉडेमची. ईएसपी८२६६ ही वायफायची चिप, सोबत विद्युतदाब बदलणारी मॅक्स३२३२ चिप, आणि टेलकॉममधून जुन्या मॉडेमसारख्या 'एटी' आज्ञा. फोन नंबराच्या जागी सर्व्हरचा पत्ता दिला की जोडणी होते. ४० अक्षरं रुंद, ८ ओळी उंच पडद्यावर दूरच्या मशीनवरचा मजकूर सरकताना पाहण्यात खरा आनंद आहे. पण फाइल्स वाचवायला ही वाट धरू नका. अक्षरगळतीचा प्रश्न इथेही तसाच राहतो, वर मॉडेमच्या मांडणीतही वेळ जातो.

एकच वस्तू घेणं परवडणार असेल तर एफटीडीआयची चांगली केबल घ्या. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या नकली चिपही बाजारात पुष्कळ आहेत. २०१४ मध्ये कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने अशा चिप निकामी केल्या होत्या, म्हणून दुकान खात्रीचं निवडा. घरात प्रॉलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या चिपची जुनी केबल पडून असेल तर ती लिनक्सवर लावून पाहा. नव्या विंडोजवरचा ड्रायव्हर जुन्या चिपांना नाकारतो. लिनक्सवर ती चालली, तर फाइल्स आज रात्रीच बाहेर काढता येतील.