अर्जाआधीचं एक वर्ष: हेल्पलाइन, असिस्टंटची नोकरी की लॅब?

जीवशास्त्राची पदवी हातात आहे किंवा येऊ घातली आहे, अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या जेनेटिक काउन्सेलिंगच्या, म्हणजे आनुवंशिक आजार आणि त्यांच्या तपासण्यांबद्दल कुटुंबांना समुपदेशन करण्याच्या पेशाच्या, दोन वर्षांच्या मास्टर्सला अर्ज करायचा आहे आणि मध्ये साधारण वर्षभराचा वेळ आहे. तो कुठे घालवायचा? अर्जाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना हा प्रश्न हटकून येतो. माझं मत आधीच सांगते: विज्ञानाचे मार्क चांगले असतील तर लॅबमध्ये आणखी एक वर्ष काढू नका. खरी निवड संकटातल्या माणसांसाठीची हेल्पलाइन आणि जेनेटिक समुपदेशकाच्या हाताखालची असिस्टंटची नोकरी यांच्यात आहे.

हे मला उशिरा कळलं. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा माझ्याकडे दोन वर्षांचं लॅबचं काम आणि प्राध्यापकांचं उत्तम शिफारसपत्र होतं. एका मुलाखतीत विचारलं, ‘‘समोरच्याचं दुःख दूर करणं तुमच्या हातात नव्हतं, तरी तुम्ही त्याच्यासोबत थांबलात, असा एखादा प्रसंग सांगा.’’ माझ्याकडे प्रसंगच नव्हता. मी संशोधनातल्या अपयशाबद्दल बोलत राहिले. त्या वर्षी मला कुठेच प्रवेश मिळाला नाही.

म्हणजे लॅब वाया जाते असं नाही. जेनेटिक्स किंवा बायोकेमिस्ट्रीत मार्क कमी असतील तर लॅबचं काम तुमची बाजू सावरतं. तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये असाल तर रिपोर्ट कसा तयार होतो ते आतून दिसतं. जनुकातला एखादा बदल रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी की निरुपद्रवी, ही पाच खणांची वाटणी अमेरिकेत 2015 च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून रूढ आहे. त्यातला मधला ‘अनिश्चित’ खण पेशंटला समजावणं किती अवघड आहे याची कल्पना तिथे येते. पण अशा वेळी समोरच्या माणसाला सांभाळण्याचा अनुभव मात्र तिथे मिळत नाही.

तो मिळतो हेल्पलाइनवर. संकटात सापडलेल्यांसाठीच्या, घरगुती हिंसाचार सोसणाऱ्यांसाठीच्या, आत्महत्या रोखण्यासाठीच्या अशा अनेक सेवा आहेत. अमेरिकेत 2013 मध्ये सुरू झालेली ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ मेसेजवर चालते. आधी तिचं प्रशिक्षण असतं आणि नंतर स्वयंसेवकाकडून एकूण 200 तासांची अपेक्षा असते. आठवड्याला 4 तास धरले तर 50 आठवडे झाले. म्हणून म्हणते, हा पर्याय ऑक्टोबरमध्ये आठवून उपयोग नाही. बहुतेक कार्यक्रमांच्या अर्जाच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत असतात.

शिफ्टमध्ये नेमकं काय शिकता? समोरून मेसेज येतो, ‘आता काही उरलं नाही.’ तुमची बोटं आपोआप टाइप करू लागतात, ‘असं म्हणू नका, सगळं ठीक होईल.’ तेवढ्यात प्रशिक्षण आठवतं आणि तुम्ही ते खोडता. त्याऐवजी लिहिता, ‘खूप दिवस एकट्यानेच सोसताय असं वाटतंय. आज काय झालं?’ मग वाट बघता. ते खोडणं आणि ते थांबणं हीच या पेशाची तालीम आहे. उद्या क्लिनिकमध्ये गरोदर बाई रिपोर्ट हातात धरून विचारणार आहे, ‘‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’’ निर्णय तिच्यावर लादायचा नाही, पण तिला वाऱ्यावरही सोडायचं नाही. हे निव्वळ वाचून जमत नाही.

हेल्पलाइनची उणी बाजूही आहे. तिथे जेनेटिक्स शून्य. माणूस पुन्हा भेटत नाही, पुढे काय झालं ते कळत नाही, आणि काही रात्री जड जातात. घरात नुकताच मृत्यू किंवा आजारपण झालं असेल तर काही महिने थांबा. तेव्हा स्वतःला सांभाळणं जास्त गरजेचं आहे.

आता जेनेटिक काउन्सेलिंग असिस्टंटची नोकरी. कामाचा मोठा भाग कागदांचा असतो: विमा कंपनीची पूर्वपरवानगी, तपासणीचे फॉर्म, नमुना पोहोचला की नाही याचा पाठपुरावा, जुने रेकॉर्ड मागवणं. पण बऱ्याच ठिकाणी फोनवर कुटुंबाचा इतिहासही तुम्हीच घेता आणि तीन पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे कोणाला कुठला आजार होता हे दाखवणारी वंशावळ, काढता. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजार असेल तर आकृती भरायची, वय खाली लिहायचं. बाई सांगते, ‘‘मावशीला पोटाचा कॅन्सर होता.’’ नवखा माणूस तेवढंच टिपून पुढे जातो. अनुभवी असिस्टंट विचारते, ‘‘पोटाचा म्हणजे जठराचा, आतड्याचा की अंडाशयाचा? ऑपरेशन कसलं झालं होतं? तेव्हा वय काय होतं?’’ बऱ्याच घरांत ‘पोटाचा’ या शब्दाखाली अंडाशयाचा कॅन्सर दडलेला असतो, आणि तो निघाला तर बीआरसीए1, बीआरसीए2 या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंधित, जनुकांचा विचार करावा लागतो. एका प्रश्नाने तपासणीची दिशा बदलते हे मी जवळून पाहिलंय, आणि त्या दिवसापासून ‘साधी माहिती भरायची आहे’ असं मी कधी म्हटलं नाही.

या नोकरीने दोन गोष्टी मिळतात ज्या हेल्पलाइन देत नाही. हा पेशा रोजच्या रोज कसा असतो ते पक्कं कळतं, आणि रोज तुमचं काम पाहणारी समुपदेशक शिफारसपत्र लिहिते. अडचण अशी की जागा कमी आणि इच्छुक पुष्कळ. शिवाय काही ठिकाणी वर्षभर फक्त कागदच हातात येतात. म्हणून होकार देण्याआधी विचारा, ‘‘पेशंटशी मी स्वतः बोलणार का?’’ उत्तर नाही असेल तर त्या नोकरीच्या जोडीला हेल्पलाइन घ्याच.

शॅडोइंगबद्दल थोडक्यात. समुपदेशकाशेजारी बसून सेशन बघायला मिळालं तर उत्तम, पण पेशंटच्या गोपनीयतेमुळे अनेक क्लिनिक बाहेरच्यांना बसू देत नाहीत. नाही मिळालं म्हणून खचू नका. जेनेटिक समुपदेशकांची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना एनएसजीसी हिने सरावासाठी अनुभवी समुपदेशकांच्या नमुना सेशनचे व्हिडिओ केले आहेत, ते बघा. दोन-तीन समुपदेशकांशी अर्धा-अर्धा तास बोला.

मग कुणी काय निवडावं? विज्ञान पक्कं, माणसांचा अनुभव तोकडा: हेल्पलाइन. हा पेशा आपला आहे का याचीच शंका: असिस्टंटची नोकरी, कारण शंका तिथेच फिटते, एक तर या बाजूने नाही तर त्या. सांख्यिकी, मानसशास्त्र किंवा बायोकेमिस्ट्रीचा आवश्यक कोर्स राहिला असेल तर आधी तो. दोन्ही जमत असेल तर दिवसा कुठलीही नोकरी आणि आठवड्याला एक शिफ्ट हेल्पलाइनची, ही जोडी मला सगळ्यात भावते. दुसऱ्या खेपेला मी हेच केलं.

तयारी अर्धवट असताना याच वर्षी अर्ज करावा का? मी नको म्हणेन. 2018 पासून बहुतेक कार्यक्रमांचे प्रवेश ‘मॅच’ पद्धतीने होतात: अर्जाआधी नोंदणी, मग मुलाखती, मग दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम, आणि एप्रिलमध्ये एकच निकाल, जो बंधनकारक असतो. जिथे जायची मनापासून इच्छा नाही तो कार्यक्रम यादीत टाकूच नका, आणि ‘तिथे आपल्याला घेतील का’ याचा अंदाज बांधत क्रम लावू नका. खरी पसंती असेल तसाच क्रम द्या. वरच्या क्रमावर अवघड कार्यक्रम लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही.

मार्चमध्ये हेल्पलाइनचं प्रशिक्षण संपवून सुरुवात केली तर डिसेंबरपर्यंत चाळीसएक शिफ्ट होतात. प्रत्येक शिफ्टनंतर वहीत दोन ओळी लिहा: कुणाचीही ओळख लागणार नाही अशा बेताने, तुम्ही काय लिहिणार होता आणि शेवटी काय लिहिलंत. अर्जासोबतचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचं निवेदन, लिहायला बसाल तेव्हा ती वही शेजारी ठेवा.