उणे चिन्हाशिवाय ऋण संख्या: पाया −२ घ्यावा की संतुलित त्रिमान?

वेगळे उणे चिन्ह न लिहिता धन आणि ऋण असे सर्व पूर्णांक मांडणारी पद्धत अभ्यासासाठी किंवा एखाद्या प्रोग्रामसाठी निवडायची असेल, तर दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. पहिल्यात पाया, म्हणजे जिच्या घातांवरून प्रत्येक घराची किंमत ठरते ती संख्या, −२ असून अंक ० आणि १ एवढेच असतात. व्हिट्टोरियो ग्र्युनवाल्ड यांनी ऋण पायाची कल्पना १८८५ मध्ये मांडली होती. दुसऱ्यात, म्हणजे संतुलित त्रिमान पद्धतीत, पाया ३ असून अंक −१, ० आणि १ असतात, जे येथे −, ० आणि + असे लिहिले आहेत. प्रत्येक पूर्णांकाला दोन्हींत एकच रूप मिळते, त्यामुळे त्या निकषावर निवड होत नाही.

४७ ही संख्या −२ च्या पायात १११००११ अशी लिहिली जाते, कारण ६४ − ३२ + १६ − २ + १ = ४७. संतुलित त्रिमानात तीच + − − + − अशी पाच अंकांत मावते, कारण ८१ − २७ − ९ + ३ − १ = ४७. खरा फरक −४७ लिहिताना दिसतो. त्रिमानात प्रत्येक चिन्ह उलटले की − + + − + हे उत्तर तयार होते. −२ च्या पायात मात्र ११०१०००१ असे आठ अंकी रूप येते आणि त्यात मूळ संख्येची ओळख पटत नाही. तेथे शून्य सोडून इतर संख्येचे चिन्ह अंकांच्या मोजणीवरून कळते: अंक विषम असतील तर संख्या धन, सम असतील तर ऋण. लहानमोठेपणा ठरवताना तर नजर हमखास फसते, कारण ११० म्हणजे २ आणि १०० म्हणजे ४. त्रिमानात डावीकडून पहिला वेगळा अंक पाहिला की निकाल लागतो.

विभाज्यतेच्या कसोट्या मात्र एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, आणि मला या तुलनेतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. −२ ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून त्या पायात शेवटचा अंक २ ची कसोटी देतो आणि अंकांची बेरीज ३ ची. त्रिमानात शेवटचा अंक ३ ची कसोटी देतो आणि शून्येतर अंकांची संख्या सम-विषम ठरवते. ४७ च्या त्रिमान रूपात असे पाच अंक आहेत, म्हणून ती विषम.

बेरजेत १ + १ चे −२ च्या पायातील उत्तर ११० येते, म्हणजे हातचा दोन घरांत जातो. त्रिमानात ते + − इतकेच आहे. आवाक्यातही असमतोल आहे: −२ च्या पायात आठ अंकांत −१७० ते ८५, तर त्रिमानात पाच अंकांत −१२१ ते १२१.

कागदावर हिशेब करायचा असेल, तर माझा कौल निःसंशय त्रिमानाला आहे. निकोलाय ब्रुसेंत्सोव यांच्या नेतृत्वाखाली मॉस्को राज्य विद्यापीठात १९५८ मध्ये तयार झालेला 'सेतुन' हा संगणक याच पद्धतीवर चालत असे. परंतु आजच्या द्विमान (पाया २ च्या) संगणकावर प्रोग्राम लिहायचा असेल, तर पारडे फिरते. त्रिमान रूपासाठी पुन्हा पुन्हा ३ ने भागत बसावे लागते, तर −२ च्या पायासाठी, रूप आठ अंकांत मावत असेल तर, नेहमीच्या द्विमान संख्येत १०१०१०१० (म्हणजे १७०) मिळवून, येणाऱ्या बेरजेतले १, ३, ५, ७ या क्रमांकांच्या घरांतले अंक (उजवीकडचे पहिले घर शून्य क्रमांकाचे धरून) उलटले, म्हणजे ० चा १ आणि १ चा ० केला, की पुरते: ४७ + १७० = २१७, म्हणजे ११०११००१, आणि ते अंक उलटल्यावर ०१११००११.