काउंटेबल की अनकाउंटेबल? लिहिताना नाम कुठल्या बाजूला टाकायचं

इन्फर्मेशनला एस लावायचा का, रिसर्चच्या आधी अ येतो का, असल्या ठिकाणी इंग्लिशमध्ये मेल लिहिताना ज्यांचा हात थांबतो त्यांच्यासाठी दोन्ही गट शेजारी ठेवून बघूया. शाळेतली व्याख्या म्हणजे मोजता येतं ते काउंटेबल, येत नाही ते अनकाउंटेबल. पण ती अर्धीच कामाची आहे, कारण खुर्च्या मोजता येतात, कपाटं मोजता येतात तरी फर्निचर अनकाउंटेबल, आणि पैसे तर आपण बोटाला थुंकी लावून मोजतो तरी मनी अनकाउंटेबलच. म्हणजे वस्तू मोजता येते का हे बघून उपयोग नाही, तो शब्द वाक्यात कसा वागतो ते बघायचं.

आणि वागण्यातला सगळ्यात मोठा फरक हा की काउंटेबल नाम एकवचनात सहसा एकटं येत नाही. कार, चेअर, आयडिया यांच्या आधी अ, द, माय, दिस असं काहीतरी लागतं, आय बॉट कार हे चूक. अनकाउंटेबल मात्र बिनधास्त एकटं येतं, आय नीड हेल्प, वी हॅव वर्क. मराठीत आर्टिकल नाहीत त्यामुळे आपलं नेमकं उलटं होतं, कारच्या आधीचा अ गळतो आणि ॲडव्हाइसच्या आधी नको असताना येऊन बसतो. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: काउंटेबलकडे मेनी, फ्यू आणि अनेकवचन, अनकाउंटेबलकडे मच, लिटल आणि क्रियापद एकवचनी, शेवटी एस दिसला तरी, द न्यूज इज बॅड. सम, एनी, अ लॉट ऑफ दोन्हीकडे चालतात, म्हणून मच की मेनी अशी शंका आली की अ लॉट ऑफ लिहून मोकळं व्हा, फक्त नामाला एस द्यायचा की नाही ते तिथेही ठरवावं लागतंच.

फ्यूअर आणि लेसवरून लोक फार भांडतात. काउंटेबलला फ्यूअर हवं असं इंग्लिशच्या वापरावर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरने १७७० मध्ये लिहिलं ते स्वतःची आवड म्हणून, पुढे त्याचा कडक नियम झाला. परीक्षेत आणि ऑफिसच्या कागदात पाळा, पण लेस दॅन टेन मिनिट्स हे अगदी नॉर्मल इंग्लिश आहे, वेळ, अंतर आणि पैशांच्या बाबतीत लेसच येतं.

खरी मजा दोन्ही घरचे पाहुणे असलेल्या शब्दांची. शी हॅज एक्सपिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव गाठीला आहे, तोच इट वॉज अ स्ट्रेंज एक्सपिरियन्स म्हटला की एक घडलेला प्रसंग. पेपर म्हणजे लिहायचा कागद, अ पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. आयर्न धातू, ॲन आयर्न कपड्यांची इस्त्री. हर हेअर इज लाँग म्हणताना डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचन, पण शर्टावर दोन केस पडले असतील तर टू हेअर्स. इथे कुठलीही यादी पाठ करून भागत नाही, त्या वाक्यात तुम्हाला काय म्हणायचंय ते आधी ठरवा. नॉलेज तर आणखी वेगळं, अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश चालतं पण नॉलेजेस रोजच्या लिखाणात चालत नाही.

काही शब्दांत मात्र ठरवण्यासारखं काही नाहीच, सरळ लक्षात ठेवायचे: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, लगेज, होमवर्क, सॉफ्टवेअर, ट्रॅफिक, एव्हिडन्स. फीडबॅक्स आणि सॉफ्टवेअर्स ऑफिसच्या मेलमध्ये इतके दिसतात की डोळ्यांना खटकायचे बंद झालेत, तरी लिहू नका. संख्या सांगायचीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, अ पीस ऑफ ॲडव्हाइस, टू पीसेस ऑफ लगेज, ही बरोबर असली तरी सारखी वापरली की वाक्य जड होतं. दुसरी मला जास्त आवडते, जवळच्या अर्थाचा काउंटेबल शब्दच घ्या: ॲडव्हाइसऐवजी सजेशन, लगेजऐवजी सूटकेस, वर्कऐवजी जॉब किंवा टास्क, ट्रॅव्हलऐवजी ट्रिप, सॉफ्टवेअरऐवजी प्रोग्राम, पोएट्रीऐवजी पोएम. मग थ्री सजेशन्स लिहायला कुणाची भीती नाही.

राहिले वादातले शब्द. डेटा मुळात लॅटिनमधलं अनेकवचन, म्हणून काही शास्त्रीय जर्नल्स डेटा आर मागतात, रोजच्या लिखाणात डेटा इज बिनधास्त लिहा, पण एका लेखात एकच ठेवा. राहायच्या सोयीला ब्रिटिश इंग्लिशमध्ये अकॉमोडेशन एस न लावता, अमेरिकन लोक अकॉमोडेशन्स म्हणतात, तेव्हा वाचणारा कोण आहे ते बघून ठरवा. एवढं करूनही अडलं तर लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींत नामापुढे सी (काउंटेबल) किंवा यू (अनकाउंटेबल) छापलेलं असतं, आणि एकाच शब्दाला दोन्ही असतील तर खालचे अर्थ एकेक करून वाचा, कारण बऱ्याचदा सी एका अर्थाला असतो आणि यू दुसऱ्याला.