एल्कसाठी गोळी कोणती: साधी, बॉन्डेड की तांब्याची?

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. फुप्फुसात गोळी बसली तरी काही झालंच नाही अशा थाटात तो पन्नास-शंभर पावलं चालून जातो. भारतात १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद, म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिला टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, काढणाऱ्या मराठी माणसाला घरात विचारायला कुणी नसतं. मग तो कॅलिबरवरच, म्हणजे कोणत्या मापाचं काडतूस घ्यायचं यावरच, घोळ घालत बसतो. थर्टी-ऑट-सिक्स असो की सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम, दोन्ही पुरतात. डोकं खर्च करायचं ते काडतुसाच्या टोकावरच्या गोळीवर.

कोलोरॅडोचा नियम किमान मर्यादा सांगतो: एल्कसाठी फुलणारी (आदळल्यावर पसरणारी) गोळी, वजन निदान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. ही झाली कायद्यापुरती पात्रता.

साधी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसं. कोअर-लोक्ट किंवा इंटरलॉक या नावांनी मिळणारी. स्वस्त, पटकन फुलते, आणि बरगड्यांमधून फुप्फुसात शिरली तर काम चोख करते. अडचण येते ती जवळून, मॅग्नमच्या (जास्त दारूच्या काडतुसाच्या) वेगाने, खांद्याच्या हाडावर आदळली तर. तिथे तिचे तुकडे होऊन बरंच वजन वाटेतच सांडू शकतं आणि पलीकडचं फुप्फुस शाबूत राहू शकतं. तसा एल्क संध्याकाळी दरीत उतरला की रात्रभर झोप लागत नाही.

बॉन्डेड गोळीत शिसं कवचाला घट्ट जोडलेलं असतं, म्हणून ती फुलते पण विखुरत नाही. अ‍ॅक्युबॉन्ड हे दुकानात सहज मिळणारं नाव. याच प्रश्नावरचं जुनं उत्तर म्हणजे पार्टिशन, १९४८पासून विकली जाणारी. तिच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत आहे. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग भिंतीच्या आड वाचतो आणि आत घुसत राहतो. इतक्या वर्षांत ती बाजारातून गेली नाही, यातच सगळं आलं.

तांब्याच्या अखंड गोळीत, उदाहरणार्थ बार्न्सच्या टीएसएक्समध्ये, शिसं नसतंच. पाकळ्या उघडतात, वजन जवळजवळ जसंच्या तसं राहतं, आणि बहुतेकदा ती आरपार जाते. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग सोपा. पण तिला वेग लागतो. आदळताना वेग १८०० ते २००० फूट प्रतिसेकंदाच्या खाली गेला, तर पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि नुसतं बारीक भोक पडतं. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून १८० ग्रेनची सवय असेल तर तांब्यात १६५ किंवा १५० घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिसं चालतच नाही. शिशाचे बारीक कण जखमेपासून दूरच्या मांसातही जातात. घरी लहान मुलं खाणार असतील तर माझ्या लेखी निर्णय इथेच संपला.

नाहीतर मी निवड उलट्या बाजूने करतो: कोणता शॉट तुम्ही सोडून देणार? एल्क पूर्ण आडवा उभा असेल, तरच ट्रिगर दाबायचा आणि तोही २५० यार्डांच्या आत, इतका संयम असेल तर साधी गोळीही चालेल. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाशी थांबा. तिथे दोन्ही फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग सापडतो. पाठीच्या जवळ नेम नको. उंच लागलेली गोळी मांसातून जाते आणि जनावर जायबंदी होऊन निघून जातं.

तो तिरका, पाठमोरा झुकलेला असेल, तर नेम पलीकडच्या खांद्यावर धरायचा. गोळीला बरगड्यांच्या मागून शिरून तिरपं अंतर कापायचं असतं, वाटेत गवताने ठासलेलं पोटही लागू शकतं. इथे बॉन्डेड किंवा तांबंच हवं. सरळ मागून? कुठल्याच गोळीने नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामासाठी थर्टी-ऑट-सिक्समध्ये १८० ग्रेनची बॉन्डेड. एल्क उभा दिसतोय तोवर दुसरी गोळी घालायला लाजू नका. आणि गोळी बदललीत तर रायफल नव्याने झीरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवा. तांब्याची गोळी शिशाच्या झीरोवर लागेलच असं नाही, म्हणून काडतुसांची खोकी दोन घ्या.