धातूवर पाण्यात विरघळणारं पॉलिमर: एटीआरपी की राफ्ट?

जळगाव, धुळे किंवा शिरपूरच्या प्रयोगशाळेत धातूच्या पट्टीवर पॉलिमर वाढवायचं ठरलं, की हा प्रश्न येतोच. मोनोमर म्हणजे छोटे रेणू एकेक जोडत पॉलिमरच्या साखळ्या नियंत्रितपणे वाढवायच्या या दोन पद्धती: एटीआरपी तांब्याच्या उत्प्रेरकावर चालते, राफ्ट गंधकाच्या संयुगांवर. एटीआरपी १९९५ मध्ये मात्यजेव्स्की आणि सावामोतो या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. राफ्ट १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतून आली. माझं म्हणणं इतकंच, की आधी धातू बघा, मग मोनोमर, आणि पद्धत शेवटी ठरवा.

सोन्यावर थायॉलची (साखळीला धातूशी बांधणाऱ्या गंधकयुक्त गटाची) पकड खोलीच्या तापमानाला पक्की असते, साठ-सत्तर अंशांना सुटू लागते. एआयबीएन (तापवल्यावर अभिक्रिया सुरू करणारं संयुग) घालून केलेली नेहमीची राफ्ट नेमकी त्याच तापमानाला चालते. म्हणून सोन्यासाठी मी एटीआरपीच सुचवेन. पाण्यात ती न तापवताही जोरात चालते, उलट तिला आवर घालायला थोडं जास्तीचं द्विसंयुजी तांबं घालावं लागतं. टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा थर असतो. त्याला फॉस्फोनिक आम्ल किंवा कॅटेकॉल हे बांधणारे गट घट्ट धरतात, त्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या. साधं पोलाद मात्र तांब्याच्या क्षारात बुडवू नका. लोह विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं आणि लालसर थर चढतो. तिथे राफ्ट घ्या.

ॲक्रिलिक आम्ल थेट वाढवायचं असेल तरीही राफ्टच, कारण एटीआरपीत आम्ल लिगंडला (तांब्याला धरून ठेवणाऱ्या रेणूला) प्रोटॉन देऊन उत्प्रेरक निकामी करतं. उलट प्राथमिक अमीन असलेला मोनोमर राफ्टचा ट्रायथायोकार्बोनेट, म्हणजे साखळीची वाढ आवरणारं गंधकाचं संयुग, फोडतो. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) मेथाक्रिलेट या मोनोमरला एटीआरपी उत्तम.

एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइड घेणाऱ्यांनी खानदेशाचा उन्हाळा विसरू नये. त्याचं पॉलिमर साधारण ३२ अंशांच्या वर पाण्यातून बाहेर पडतं, आणि इथे मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या कितीतरी वर असतो. शोधनिबंधातलं ‘खोलीचं तापमान’ आपल्याकडे लागू होत नाही. पाण्यात मिथेनॉल मिसळलं तर ही मर्यादा आणखी खाली येते. पट्टीची बाटली थंड पाण्यात ठेवून तापमापी लावा. नाहीतर साखळ्या वाढतानाच गोळा होतात आणि दोष पद्धतीवर येतो.

साधनं बेताची असतील तर एआरजीईटी या एटीआरपीच्या प्रकाराने सुरुवात करा. तांबं अगदी थोडं लागतं, आणि जीवनसत्त्व क म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल ते पुन्हा कामाच्या रूपात आणतं, त्यामुळे बाटलीत उरलेली थोडी हवा खपून जाते. नंतर ईडीटीएने (तांबं पकडून काढणाऱ्या रसायनाने) पट्टी नीट धुवा. शरीरात बसवायच्या वस्तूवर तांबं राहून चालत नाही. राफ्टमध्ये तांब्याची काळजी नाही, पण द्रावणात सुटं पॉलिमर भरपूर तयार होतं. तेही धुऊन काढावं लागतं, शिवाय राफ्टची संयुगं महाग असतात आणि बऱ्याचदा त्यांना वास येतो.

पद्धत कोणतीही घ्या, इनिशिएटर (साखळी सुरू करणारा रेणू) न लावलेली एक कोरी पट्टी त्याच बाटलीत सोडा. दोन्हींवरचा पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) सारखाच आला, तर पॉलिमर पृष्ठभागाला जोडलेलं आहे असं लिहू नका.